दादर ते कन्याकुमारी आणि परत : तेवीस दिवसांच्या गाडीप्रवासातला व्यायाम

"डॉक्टर, माझा व्यायाम बुडाला आणि आता कंबरही गेली." प्रवासाच्या पाचव्या संध्याकाळी गोकर्णहून आलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये काका एवढंच बोलले होते. पुढची काही सेकंद नुसत्या लाटा ऐकू येत होत्या. रेकॉर्डिंग थांबवायचं राहून गेलं असावं.

हे प्रकरण मी काकांच्या परवानगीने, नाव-पत्ता वगळून लिहिते आहे. मी दादरमध्ये फिजिओथेरपी करते. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात माझ्याकडचे बरेचजण लांबच्या प्रवासाला जातात. परत येतात तेव्हा त्यांचं सहा-सहा महिन्यांचं काम मागे गेलेलं असतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "प्रवासात कुठे जमतंय!" मीही ते उत्तर बरीच वर्षं मान्य करत आले. या एका प्रवासाने मला ते तपासून बघायला लावलं. यातली पहिली चूक माझीच होती, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

काकांचं वय ५७. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, घर हिंदू कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. चौदा महिन्यांपूर्वी ते कंबरदुखीसाठी आले. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.३ होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीही व्यायामाचाच आग्रह धरला होता. आमचा क्रम साधा होता. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम : बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, पुशअप, रबरी पट्ट्याने ओढणं, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं). उरलेल्यातले दोन दिवस शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती भरभर चार फेऱ्या. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे पाच किलोमीटरच्या आसपास चाल. प्रवासाला निघताना एचबीए१सी ५.९ वर आलं होतं. कमरेचा घेर १०१ सेंटिमीटरवरून ९४ झाला होता, आणि खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत उठबस ११ वरून १८ वर गेली होती. प्लँक ७० सेकंद. हे सगळं त्यांनी घाम गाळून कमावलं होतं, आणि ते घालवायची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

प्रवास असा : डिसेंबरअखेरीला निघून पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा. हा रस्ता पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जातो. रत्नागिरी, मालवण, गोकर्ण, उडुपी, कोची करत टोक गाठायचं आणि मदुराई, म्हैसूर, हुबळी, कोल्हापूरवरून परतायचं. गाडीत चौघं : काका, काकू, काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, आणि वहिनी. गाडी चालवणारे काका आणि काकू. दादांची दृष्टी अलीकडे कमी झाल्यामुळे त्यांनी चालवायचं नाही, हे घरात ठरलेलं.

मी त्यांना काय दिलं? घरचाच व्यायाम, थोडा छाटून. रोज सकाळी सहा वाजता हॉटेलच्या खोलीत ४५ मिनिटं. सोबत दोन रबरी पट्टे आणि एक पातळ चटई. कागदावर ते सुरेख दिसत होतं.

पाच दिवसांत तो क्रम एकदाच झाला.

पहिल्या दिवशी मुंबईतून पहाटे पाचला निघायचं होतं, मग सहाचा व्यायाम कुठला? दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मुक्काम रत्नागिरीला, काकूंच्या माहेरी. तिथे सकाळी साडेसहालाच चहा, पाठोपाठ घावन-चटणी, नाही म्हणायची सोय नाही. बाहेरच्या खोलीत पाच माणसं झोपलेली. जावयाने सासरच्या घरात चटई अंथरून उठाबशा काढायच्या, हे काकांना पटेना. मला त्यात काही चूक वाटत नाही. पाहुणचाराला एक मान असतो. चौथ्या दिवशी मालवणात पूर्ण व्यायाम झाला. पाचव्या दिवशी मालवण ते गोकर्ण, अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि त्यातले शेवटचे साडेतीन तास काका न थांबता चालवत होते. गाडी उभी केली, उतरले आणि लगेच डिकीतून काकूंची मोठी बॅग एका झटक्यात ओढली. कंबर तिथेच धरली.

या ओढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रवासातल्या कंबरदुखीची सुरुवात मी सर्वांत जास्त वेळा इथेच पाहिली आहे. तासन्‌तास वाकून बसल्यावर मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि पाठीमागच्या बंधांवर ताण साचलेला असतो. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडलेले, कुल्ल्याचे निजलेले. त्यात गाडीची थरथर. अशा पाठीला पुढचं पहिलंच काम काय मिळतं, तर कमरेतून वाकून, वळून, शरीरापासून लांब असलेलं वीस किलोचं ओझं बाहेर काढायचं. माझ्याकडे हेच काका चाळीस किलो नीट उचलत होते. उचलायची ताकद त्यांच्यात होती. पाठ तयार नव्हती.

मी आधी धोक्याच्या खुणा विचारल्या. पायात कळ जाते का, बधिरपणा आहे का, लघवी-शौचावरचा ताबा नीट आहे का, ताप आहे का, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का. सगळ्याला उत्तर नाही आलं. यातल्या एकालाही हो आलं असतं तर मी त्यांना फोनवर व्यायाम न सांगता जवळच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. मग दोन दिवस गोकर्णलाच थांबा म्हटलं. अंथरूण धरायचं नाही. दर तासाला दहा मिनिटं सपाट जागेवर चालायचं, वाळूत नाही. पालथं झोपून हातांवर छाती हळूच उचलायची, भुजंगासनासारखी, दुखणं पायाकडे सरकत नसेल तरच. उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा मेसेज आला, "बूट स्वतः घातले."

त्या दोन दिवसांत मी माझा कागद परत काढला. त्यात व्यायाम चांगला होता, पण मी तो घड्याळाला आणि खोलीला बांधला होता, आणि लांबच्या प्रवासात नेमक्या याच दोन गोष्टी रोज बदलतात. रोज न चुकता होतं ते काय? गाडी थांबते. पेट्रोलला, चहाला, जेवायला, काकूंना आणि वहिनींना स्वच्छतागृहाला. आणि संध्याकाळी कुठेतरी सामान उतरतं. नवा क्रम मी या थांब्यांना बांधला.

दुसरा प्रश्न किती करायचं हा. इथे जुन्या संशोधनाचा आधार होता. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रयोग केले होते. लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून दमाचा व्यायाम दिला. मग कुणाचे दिवस कमी केले, कुणाची मिनिटं, कुणाचा जोर. दिवस दोनवर आणले किंवा मिनिटं तेरावर आणली, तरी कमावलेली प्राणवायू वापरण्याची क्षमता पुढचे पंधरा आठवडे टिकून राहिली. जोर मात्र बराच कमी केला तेव्हा ती घसरली. ताकदीच्या बाबतीतही पुढच्या संशोधकांना असंच चित्र दिसलं आहे, फक्त साठीच्या आसपासच्या माणसाला तरुणापेक्षा थोडी जास्त मात्रा लागते. म्हणून काकांना सांगितलं : रोज थोडंथोडं हलकं करत राहण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, पण दम लागेल असं करा. बाकी दिवशी फक्त शरीर मोकळं ठेवा.

हे त्यांना पचायला जड गेलं. चौदा महिने मीच "खंड पाडू नका" म्हणत होते.

थांब्याचा नियम असा ठरला. दीड-दोन तासांपेक्षा जास्त सलग चालवायचं नाही, आणि थांबल्यावर चहाच्या आधी सहा मिनिटं. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं चालायचं. मग कमरेवर हात ठेवून उभ्याने पाच वेळा मागे वाकायचं. गाडीला हात टेकून वीस वेळा टाचा उचलायच्या. मग एक पाय मागे घेऊन मांडीचा पुढचा भाग ताणायचा, दोन्ही बाजूंनी. संपलं. टाचा उचलण्यामागे आणखी एक कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तास किंवा जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला होता, मग ते विमान असो, बस असो की मोटार. मूळ धोका लहान आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि त्याला काही खर्च येत नाही.

सामानाचा नियम वेगळा आणि कडक : गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं चालल्याशिवाय डिकी उघडायची नाही.

बसण्यातही बदल केला. मागच्या खिशातलं पाकीट बाहेर. कमरेच्या खोलगट भागात हातरुमालाएवढा नव्हे, अंगपुसण्याचा पंचा गुंडाळून. पाठ थोडी मागे कललेली, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे. काका उंच असल्याने सीट फार मागे ठेवायचे आणि क्लच दाबताना दर वेळी कंबर घसरायची. हे मी प्रवासाआधीच, त्यांच्या बिल्डिंगखाली गाडीत बसवून बघायला हवं होतं. आता मी तसं बघते.

थांब्यांची गोष्ट काकूंशी बोलल्याशिवाय पुरी झाली नसती. त्यांनी फोनवर सांगितलं की त्या आणि वहिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, वाटेत जायची पंचाईत होते म्हणून. दुपारी डोकं दुखायचं, रात्री वहिनींच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. बायकांच्या प्रवासातली ही अडचण किती जुनी आहे आणि आपण ती किती मुकाट्याने सोसतो, याचं मला वाईट वाटतं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकातली हवा या सोयी ग्राहकांसाठी असतातच, तेव्हा मोठा पंप दिसला की थांबायचं असं ठरलं. दोघी पाणी प्यायला लागल्या आणि थांबे आपोआप दीड तासावर आले. काकांच्या कंबरेला जो थांबा हवा होता तो काकूंच्या गरजेने मिळवून दिला. पंपावर एक पथ्य पाळायचं : इंधन भरायच्या जागेत रेंगाळायचं नाही, गाडी बाजूला हवा भरायच्या जागेपलीकडे लावून तिथे चालायचं.

कसून करायचा व्यायाम संध्याकाळी, सामान खोलीत आल्यावर आणि आंघोळीच्या आधी. सकाळ काढूनच टाकली. मागचा पाय पलंगावर ठेवून एका पायावर बैठक, पुशअप, पलंगाच्या पायाला पट्टा अडकवून बसून ओढणं, आणि प्लँक. चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. एका पायावर केलं की बाहेरचं वजन लागत नाही, आपलं अंगच पुरतं. आंघोळ पुढे असल्यामुळे घामाची कुरकुर नव्हती. कंबर सावरायला आठवडा दिला आणि उडुपीनंतर हे सुरू केलं. कोचीच्या आधी एक भर घातली : चालून झाल्यावर दोन हातांत दोन बॅगा घेऊन जिन्याने वर जायचं. ज्या बॅगेने कंबर धरली होती तीच आता वजन म्हणून वापरायची, पाठ सरळ आणि बॅग अंगालगत. काका पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी फोटो पाठवला.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. केळीच्या पानावर भात वाढणारे दर दोन मिनिटांनी येतात, तेव्हा भात एकदाच घ्यायचा आणि भाज्या, डाळ, मासे, दही मनसोक्त. नाश्त्याला इडलीबरोबर दोन अंडी. गाडीत फुटाणे-शेंगदाणे. आणि रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं, हे मी सक्तीचं केलं. जेवल्याबरोबर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ५.९ वाल्या माणसाला हे औषधासारखं आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कोचीचे तीन दिवस काहीच झालं नाही. तिथे काकांचे जुने सहकारी भेटले, रात्री उशिरापर्यंत गप्पा, दिवसभर होडीतून फिरणं. मी काही बोलले नाही. मदुराईत पोट बिघडलं तेव्हा तर मीच दोन दिवस सगळं थांबवलं. जुलाब होत असताना घाम काढायचा नाही. ओआरएस आणि झोप.

आणि दादा. सुरुवातीला त्यांचं रोज चालू होतं, "अरे, सहलीला आलायस की आखाड्यात?" काकांना थोरल्या भावासमोर उलट बोलायची सवय नाही, त्यामुळे ते गप्प बसायचे आणि व्यायाम टाळायचे. पहिल्या पाच दिवसांच्या अपयशात याचाही वाटा होता, हे मला उशिरा कळलं. मी काकांना म्हटलं, दादांशी वाद घालू नका, त्यांना वेळ धरायला सांगा. सहा मिनिटं मोजायचं काम त्यांचं. दादा गिरणगावात वाढलेले, तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेले. दोन दिवस मोबाइल हातात धरून मोजलं, तिसऱ्या दिवशी काकांच्या टाचा पुऱ्या उचलल्या जात नाहीत म्हणून त्यांना ओरडले आणि स्वतः करून दाखवलं. कन्याकुमारीला विवेकानंद शिलेच्या बोटीसाठी रांग लांबली होती, तेव्हा रांगेत उभ्या-उभ्या चौघंही टाचा उचलत होते. वहिनींनी व्हिडिओ पाठवला. रात्रीच्या चालण्याला तर दादाच सगळ्यांना उठवायचे.

खरी परीक्षा श्रवणबेळगोळला झाली. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या, खडकात खोदलेल्या, अनवाणी चढायच्या. एकविसावा दिवस, आदल्या दिवसापर्यंत मदुराई ते म्हैसूर हा दिंबम घाटाचा सत्तावीस वळणांचा रस्ता अंगावर घेतलेला. काका दोनदा थांबून वर गेले. काकू त्यांच्याबरोबर. वहिनींचे गुडघे दुखतात, त्या शंभरेक पायऱ्यांवरून परत आल्या आणि दादा त्यांच्यासोबत खाली थांबले. वर गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला तो जुना लेख आहे, "श्रीचावुण्डराजें करवियलें". काकांनी त्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "शाळेत शिकलो होतो, आज पायाने गाठला." उतरताना मांड्या थरथरल्या, दुसऱ्या दिवशी दुखल्याही. कंबर दुखली नाही.

मुंबईत परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी तपासलं. ३० सेकंदांची उठबस १८, म्हणजे जशीच्या तशी. पुशअप १६ होते ते १७. प्लँक ७० वरून ६१ सेकंदांवर आला. वजन ९०० ग्रॅम वाढलं, घेर ९५ सेंटिमीटर. शिवाजी पार्कच्या चार फेऱ्यांना आधीपेक्षा दीड मिनिट जास्त लागलं. खांदे मात्र बरेच आखडले होते, हात डोक्यावर सरळ जात नव्हते. स्टिअरिंगवर तेवीस दिवस पुढे धरलेल्या हातांसाठी मी काहीच दिलं नव्हतं. थांब्याच्या सहा मिनिटांत आता मी गाडीच्या टपाला हात टेकून छाती खाली सोडायचा ताण घालते. तीन महिन्यांनी केलेलं एचबीए१सी ५.९ आलं.

एका माणसावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, आणि काका निघाले तेव्हा चौदा महिन्यांची तयारी त्यांच्या अंगात होती. ज्याने कधी व्यायाम केलेला नाही त्याने प्रवासात एका पायावरच्या बैठका सुरू करू नयेत. त्याला थांब्यावरची सहा मिनिटं आणि जेवणानंतरची चाल पुरे. हृदयविकार, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा आधी गुठळी झालेली असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशीच बोलायला हवं.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. घरी आल्यावर पहिले सहा दिवस काकांनी काहीच केलं नाही. प्रवासात जे थांब्याला बांधलं होतं, त्याला घरी बांधायला थांबाच उरला नव्हता आणि जुनी सकाळची सवय तेवीस दिवसांत मोडली होती. परतल्यावर व्यायामात उचलायचं वजन किती कमी ठेवायचं हे मी लिहून दिलं होतं, पहिला आठवडा नेहमीच्या सत्तर टक्के. पण सुरुवात कशाने करायची हे लिहिलं नव्हतं. सातव्या दिवशी दादांचा फोन त्यांना सकाळी सहाला गेला. दादा लालबागला राहतात. ते टॅक्सी करून शिवाजी पार्कला येऊन कट्ट्यावर बसले होते आणि विचारत होते, वेळ कुणाची धरायची?

गेल्या सोमवारी दादा माझ्याकडे तपासायला आले. उठबस १२, वय ६४. त्यांचा क्रम पुढच्या आठवड्यात सुरू होतो आहे.